एक्झाक्टा घेऊन जुन्या गाड्यांच्या रॅलीला जाताना

प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या कपाटातून एक्झाक्टा व्हेरेक्स टू-ए हा जुना जर्मन एसएलआर (लेन्समधून आलेलं चित्र आरशामार्फत बघायचा कॅमेरा) मिळाला आहे. सोबत ५८ मिमीची बायोटार लेन्स आणि वरून खाली बघायचा घडीचा हुड आहे, डोळ्याला लावायचा प्रिझम नाही. जानेवारीत मुंबईत जुन्या गाड्यांच्या रॅलीला हा कॅमेरा न्यायचा आहे. त्याआधी प्रिझम शोधून विकत घ्यावा का? फिल्म कोणती घालावी? चालत्या गाड्या पकडता येतील का? की या कामाला साधा जपानी कॅमेराच बरा?

प्रिझम घेऊ नका, निदान ही रॅली होईपर्यंत तरी. जुन्या गाड्यांसाठी एक्झाक्टा न्यावा असं मी म्हणतो, त्याचं मुख्य कारणच तो हुड आहे. तो काढून प्रिझम बसवलात की उरतो एक जड, सावकाश चालणारा, डाव्या हातानं वापरायचा कॅमेरा. तेवढंच काम सत्तरच्या दशकातला कुठलाही पेंटॅक्स किंवा निकॉन जास्त सुखानं करेल.

आपण उभे राहून कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हा लेन्स जमिनीपासून दीड मीटरच्या वर असते. प्रीमियर पद्मिनी टपासकट दीड मीटरपेक्षा जराशी बुटकी आहे. म्हणजे डोळ्याच्या उंचीवरून काढलेला तिचा प्रत्येक फोटो टपावरून खाली बघत काढलेला असतो. बॉनेट पत्र्याच्या सपाट तुकड्यासारखं पसरतं, ग्रिल दबते, चाकं मडगार्डखाली अर्धी लपतात आणि मागच्या रांगेतल्या गाड्यांची टपं पार्श्वभूमीत शिरतात. रॅलीतले बहुतेक फोटो एकसारखे दिसतात ते यामुळेच. गाड्या वेगवेगळ्या असतात, पण बघणाऱ्याची उंची तीच राहते.

हुडात बघताना कॅमेरा पोटाशी, साधारण एक मीटरवर येतो. ही खिडकीच्या खालच्या कडेची, दाराच्या मुठीची उंची आहे. एक गुडघा टेकलात की लेन्स सत्तरेक सेंटिमीटरवर, हेडलाइटच्या रेषेत येते. गाडी एकदम जमिनीवर उभी राहिलेली दिसायला लागते, तिचं वजन चाकांवर दिसतं. डुक्कर फियाटसारख्या गोलसर पाठीच्या गाडीचा बाक याच उंचीवरून कळतो, वरून ती नुसती गोळा दिसते. उलट तीसच्या दशकातली एखादी उंच, राजेशाही रोल्स रॉइस किंवा ब्यूक असेल तर गुडघा टेकायची गरज नाही. उभ्यानं, पोटाशी कॅमेरा धरून तिची ग्रिल आणि दोन्ही हेडलाइट सरळ समोर येतात. खूप खाली बसलात तर त्या गाड्या अंगावर आल्यासारख्या दिसतात. एखाद्या फोटोत ते चालतं, सगळ्यांत नाही.

डोळ्याचा कॅमेरा घेऊनही खाली बसता येतंच की, असं म्हणाल. येतं, पण गर्दीत, डांबरावर, मान वाकडी करून माणूस किती वेळ बसेल? दोन फोटोंनंतर आपण नकळत उभे राहतो. हुडामुळे खालची उंची हीच कॅमेऱ्याची सहज जागा होते. शिवाय तोंड झाकलेलं नसतं, त्यामुळे मालकाशी बोलता बोलता फोटो काढता येतो. गाडी पुसणारे, बॉनेट उघडून दाखवणारे मालक या कॅमेऱ्यासमोर अवघडत नाहीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हुडाच्या काचेवर चित्र सुलटं पण डावं-उजवं उलट दिसतं. उभ्या गाडीला यानं काही बिघडत नाही. इमारतीच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर फिल्म न घालता थोडा सराव करा, हाताला सवय होते. कॅमेरा आडवा समतल धरा. वर-खाली झुकला की खांब, दारं आणि मागच्या इमारती तिरक्या होतात, आणि ते काचेवर डोळ्याच्या कॅमेऱ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. उभी चौकट मात्र विसरा. त्यासाठी कॅमेरा कुशीवर वळवला की हुडातून बघणं जवळपास अशक्य होतं. गाड्या आडव्याच असतात, त्यामुळे हे नुकसान फारसं जाणवत नाही.

आता कॅमेऱ्याविषयी थोडं, कारण त्याचे स्वभाव माहीत नसतील तर रॅलीत अडाल. इहागे ही ड्रेस्डेनची कंपनी, योहान स्टेनबर्गेन या डच माणसानं १९१२ मध्ये सुरू केलेली. १९३६ मध्ये तिनं किने एक्झाक्टा आणला. ३५ मिमी फिल्म वापरणाऱ्या अगदी पहिल्या एसएलआर कॅमेऱ्यांपैकी तो एक. रचना कार्ल न्युख्टरलाइन यांची. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झाला, पण पूर्व जर्मनीत काम पुन्हा उभं राहिलं आणि १९५० मध्ये व्हेरेक्स आला, ज्याच्यात हुड आणि प्रिझम हवे तसे बदलता येऊ लागले. तुमचा टू-ए त्याचाच पुढचा, पन्नाशीच्या उत्तरार्धातला भाऊ. ड्रेस्डेन सॅक्सनी प्रांतातलं. त्याच प्रांतात त्स्विकाऊला हॉर्श आणि आउडी या मोटारी बनत, आणि त्शोपाऊ हे डीकेडब्ल्यूचं घर. १९३२ मध्ये वांडररच्या मोटारींसह या चार नावांची ऑटो युनियन झाली, आणि आजच्या आउडीच्या चार कड्या तिथून आल्या. रॅलीत चार कड्यांची युद्धापूर्वीची एखादी गाडी दिसली तर तिच्यासाठी दोन फ्रेम जास्त ठेवा. कॅमेरा आणि गाडी एकाच मुलखातली आहेत.

शटरचं बटण आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका, दोन्ही डाव्या हाताला आहेत. खटक्याचा फेरा लांबलचक, जवळजवळ पूर्ण वर्तुळाचा आहे. तो एका दमात शेवटपर्यंत न्या. मध्येच सोडू नका, आणि अडला तर जोर लावू नका. वेगाची चकती उचलून फिरवायची असते. फिल्म पुढे सरकवल्यावरच वेग लावायची सवय ठेवा, म्हणजे खुणेबद्दल घोटाळा होत नाही. तुमच्या चकतीवर १/२५, १/५०, १/१००, १/१५० असे जुन्या मालिकेतले आकडे असतील तर गोंधळू नका. १/१०० म्हणजे आजच्या हिशेबात १/१२५ च्या जवळपासच.

बायोटारच्या बाजूनं एक हात निघून कॅमेऱ्याच्या बटणावर बसला आहे का बघा. तसा असेल तर ती स्वयंचलित छिद्राची लेन्स आहे (छिद्र म्हणजे लेन्समधली प्रकाश आत सोडणारी, लहान-मोठी होणारी जागा). तुम्ही लेन्सवरचं बटण दाबता, ते आधी छिद्र बंद करतं आणि मग मागचं शटर सोडतं. अर्धवट दाबलंत तर किती भाग स्पष्ट येणार आहे ते काचेवर दिसतं. गाडीच्या तिरक्या कोनातल्या फोटोत याचा फार उपयोग होतो. लेन्स उन्हाकडे धरून, बटण दाबून आतल्या पात्या पाहा. त्या चटकन मिटल्या पाहिजेत. सुस्त असतील तर त्यांच्यावर तेल चढलेलं आहे आणि फोटो उजळ, फुटलेले येतील. ही लेन्स रॅलीआधी साफ करून घ्यावीच लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा स्वभाव. फोटो काढल्यावर आरसा वरच राहतो, पुढची फिल्म ओढली की खाली येतो. तोपर्यंत हुडात काळोख. आजच्या कॅमेऱ्याची सवय असलेल्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. पण यातून एक धोका निघतो जो फार थोडे लोक सांगतात: आरसा वर असताना लेन्सनं गोळा केलेलं ऊन थेट शटरच्या कापडी पडद्यावर पडतं. कॅमेरा गळ्यात लोंबकळत असेल, लेन्स सूर्याकडे झाली आणि तुम्ही गप्पांत रंगलात, तर पडद्याला भोक पडू शकतं. म्हणून फोटो झाला की लेन्सवर झाकण. आपल्याकडच्या उन्हात हा नियम मी कधीच मोडत नाही.

पट्टा आखूड ठेवा. गुडघा टेकताना, खिडकीतून आत डोकावताना लांब पट्ट्यावरचा कॅमेरा पुढे झुलतो आणि दुसऱ्याच्या गाडीच्या रंगावर ओरखडा उठतो. जुन्या गाडीचा रंग हे मालकाचं काही महिन्यांचं, कधी वर्षांचं काम असतं. कमरपट्ट्याचं बक्कलही तितकंच वाईट. गाडीला टेकू नका, आणि दार उघडायचं असेल तर मालकालाच उघडायला सांगा.

आता प्रकाश. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण गाडीचा फोटो हा बऱ्याच अंशी प्रतिबिंबांचा फोटो असतो. चकचकीत काळ्या अँबॅसॅडरला जणू स्वतःचा असा काही उजेड नाही. तुम्हाला दिसतं ते तिच्यात पडलेलं आभाळ, समोरची इमारत, उभी माणसं. बॉनेट आणि टप आभाळ दाखवतात. दारांच्या उभ्या बाजू समोर जे काही असेल ते दाखवतात: रस्ता, बॅरिकेड, शीतपेयाचा बॅनर, भगव्या टी-शर्टमधला स्वयंसेवक. म्हणून गाडीकडे बघण्याआधी तिच्या समोरच्या बाजूकडे पाठ वळवून बघा. तिथे एकसंध काही असेल, मोकळं मैदान, समुद्र, दगडी भिंत, लांबवर एकाच रंगाची सावली, तर ती गाडी आधी घ्या. तिच्या अंगावर एक सलग रेष उमटेल आणि पत्र्याचा बाक वाचता येईल. समोर गर्दी असेल तर ती हटेपर्यंत दुसऱ्या गाडीकडे जा.

यासाठीच रॅली सुटण्याआधीचा वेळ सोन्याचा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. गाड्या लवकर येऊन रांगेत लागतात. सूर्य वर येण्याआधी सगळं आभाळ एकच मोठा मऊ दिवा असतं, आणि क्रोमवर टोचणारे चट्टे नसतात. नऊनंतरचं ऊन बंपरवर पांढरे भाले उभे करतं आणि मडगार्डखाली काळाकुट्ट अंधार करतं. त्या वेळेत मी तपशील घेतो, अख्खी गाडी घेत नाही.

पोलरायझिंग फिल्टर घ्यावा का? घ्या, पण तो काय करतो ते समजून. रंगावरचं आणि काचेवरचं चमकणं तो कमी करतो. क्रोमवर तो जवळजवळ काहीच करत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवित होत नाही. बंपरवरचा चट्टा जात नाही म्हणून फिल्टर गोल गोल फिरवत बसलेले लोक मी पाहतो. तो जाणारच नाही, जागा बदलावी लागते. रंगावर सर्वात जास्त परिणाम पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून बघताना होतो. पुढच्या काचेतून आतलं स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड दाखवायला तो उत्तम. पण बॉनेटवरची चमक पूर्ण मारू नका, रंग मेल्यासारखा दिसतो. मी परिणाम पूर्ण येतो तिथून थोडा मागे फिरवतो. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं), तो हिशेबात धरा. आणि टफन केलेल्या काचेत या फिल्टरमुळे विचित्र ठिपके उमटू शकतात, म्हणून बाजूची नि मागची काच चौकटीत असेल तर आधी पाहून घ्या.

स्वतःच्या कपड्यांकडेही लक्ष द्या. फुगीर हबकॅप आणि हेडलाइटच्या वाट्या तुम्हाला छोटं करून आत दाखवणारच. गडद, निस्तेज शर्ट घातला असेल तर ते प्रतिबिंब सावलीत विरतं. पांढऱ्या शर्टात प्रत्येक हबकॅपमध्ये तुम्ही दिवा लावून बसलेले दिसाल.

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारं मीटर नाही. हातातलं मीटर असेल तर उत्तम, नाहीतर फोनवरचं चालेल, पण गाडीवर रोखून मोजू नका. काळी गाडी मीटरला खोटं सांगते की अंधार आहे, पांढरी सांगते की उजेड फार आहे. गाडीच्या जागी उभं राहून, लेन्सकडे तोंड करून तिथे पडणारा प्रकाश मोजा. काळी-पिवळी पद्मिनी हे याचं चांगलं उदाहरण: खालचं अंग काळं, टप पिवळं. पडणारा प्रकाश मोजलात तर दोन्ही आपापल्या जागी येतात. या टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा रस्ता सोडला, त्यामुळे रॅलीत एखादी नीट राखलेली आली तर तिला वेळ द्या. क्रोमवरचे बारीक चमकते बिंदू जळू द्यात. ते जपायला एक्स्पोजर कमी केलंत तर क्रोम राखाडी दिसेल, आणि राखाडी क्रोम म्हणजे मळका बंपर.

फिल्म दोन प्रकारच्या घ्या. याचं कारण शटर आहे. साठ-सत्तर वर्षांच्या कापडी पडद्यांचे वरचे वेग, १/५०० आणि १/१०००, बहुधा विश्वासाचे उरत नाहीत. चौकटीची एक बाजू गडद होते. म्हणून १/२५० च्या वर जायचं नाही असं ठरवा. मग भर उन्हात ४०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्म जड जाते, एफ/१६ एवढं बारीक छिद्र लावूनही प्रकाश जास्त होतो. पहाटेसाठी ४०० ची फिल्म, जसं इलफोर्ड एचपी-५ प्लस किंवा कोडॅक पोर्ट्रा ४००. उजाडताना एफ/४ किंवा एफ/५.६ आणि १/१०० च्या आसपास काम होतं. ऊन आल्यावर एफपी-४ प्लस, म्हणजे १२५ ची, किंवा रंगीत हवी तर कोडॅक गोल्ड २००. उन्हात १२५ च्या फिल्मला १/१०० आणि एफ/१६ हा पाया धरा, त्यावरून बाकी सोडवा. स्लाइड फिल्म या कॅमेऱ्यात पहिल्याच खेपेला घालू नका. शटरचा वेग अर्धा स्टॉप जरी सरकला असेल तरी निगेटिव्ह ते पोटात घालते, स्लाइड घालत नाही.

कृष्णधवल घालणार असाल तर एक पिवळा फिल्टर जवळ ठेवा. पन्नासच्या दशकातल्या दुरंगी गाड्यांचे, हस्तिदंती आणि फिकट निळा अशा जोड्यांचे, दोन्ही रंग राखाडीत एकमेकांत मिसळतात आणि गाडीचं सगळं सौंदर्य जातं. पिवळा किंवा नारिंगी फिल्टर निळा खाली ओढतो आणि दोन पट्टे वेगळे होतात. लाल गाडी नारिंगी फिल्टरनं उजळते, हिरव्यानं गडद होते. लाल गाडीला मला हिरवा आवडतो, तिचं वजन टिकतं.

लेन्स बदलू नका. ५८ मिमी गाड्यांसाठी चांगलं आहे. हिशेब असा: या लेन्समध्ये आठ मीटरवर साधारण पाच मीटर रुंदी चौकटीत येते. पद्मिनी चार मीटरला थोडी कमी, अँबॅसॅडर सव्वाचार मीटरच्या पुढे. म्हणजे बाजूनं अख्खी गाडी दोन्हीकडे थोडी जागा सोडून घ्यायला आठ ते नऊ मीटर मागे जावं लागतं, आणि रॅलीच्या मैदानात इतकी जागा बहुधा मिळते. १३५ मिमीला वीसेक मीटर लागतील, मध्ये दहा माणसं येतील. ३५ मिमी पाच मीटरवर काम करते, पण तिरक्या कोनात जवळचा हेडलाइट कलिंगडाएवढा आणि शेपूट आखडलेलं दिसतं. काहींना ते आवडतं. मला गाडीचं प्रमाण मोडलेलं आवडत नाही.

तिरक्या कोनात, चार मीटरवर जवळच्या हेडलाइटवर फोकस घेऊन एफ/८ लावलंत तर साधारण तीनपासून साडेपाच मीटरपर्यंत स्पष्ट येतं. पुढचा सगळा चेहरा आणि दार त्यात बसतं, शेपूट किंचित मऊ होतं. मला हाच तोल हवा असतो. एफ/२ वर तोच पट्टा अर्ध्या मीटरच्या थोडा पुढे जाईल इतकाच. त्या छिद्रावर बायोटार मागच्या झाडाच्या पानांना गरगर फिरवते. हल्ली लोक त्या भोवऱ्यासाठीच ही लेन्स शोधतात. बॉनेटवरच्या एखाद्या मॅस्कॉटच्या, म्हणजे छोट्या मूर्तीच्या, फोटोत ठीक आहे. अख्ख्या गाडीमागे तो आला की नजर गाडीवरून झाडावर जाते. जुन्या लेन्सवरचा थर आजच्यासारखा नसतो, त्यामुळे समोरून ऊन आलं की चित्र धुरकट होतं. लेन्सच्या तोंडावर सावलीचा हुड लावा, नाहीतर हातानं सावली करा.

तपशिलांसाठी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, मिळाली तर घ्या. १५ मिमीची ट्यूब ५८ च्या लेन्सला लावली की वस्तू फिल्मवर तिच्या पाव आकाराची येते, आणि एक्स्पोजर साधारण दोन तृतीयांश स्टॉप वाढवावं लागतं. रेडिएटरवरचा बिल्ला, वेगमापकाची तबकडी, दाराची मूठ यांना एवढं पुरतं. मात्र ट्यूब लावली की लेन्स पुढे जाते आणि तिचा हात कॅमेऱ्याच्या बटणावर येत नाही. लेन्सचं बटण एका हातानं दाबून धरायचं, कॅमेऱ्याचं दुसऱ्या हातानं. तिवई हवीच. म्हणून हे काम गर्दी पांगल्यावर.

आता चालत्या गाड्या. जमतील, पण हुडातून नाही. काचेवर डावं-उजवं उलट असल्यामुळे डावीकडून येणारी गाडी उजवीकडून आत शिरते, आणि तुम्ही तिच्यामागे कॅमेरा फिरवायला जाता तेव्हा हात उलट्या दिशेला पळतो. सरावानं हे सुटतं असं सांगणारे आहेत. मी त्यात फिल्म घालवणार नाही. तुमच्या हुडाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीत चौकोनी खिडकी असेल तर भिंग बाजूला करून तिच्यातून थेट बघा. तिथे चित्र सुलटं असतं आणि आरशाचा काळोखही आड येत नाही. नसेल तर कॅमेरा छातीशी धरून, हुडाच्या वरून नुसत्या डोळ्यानं गाडीवर लक्ष ठेवून फिरवा. चौकट थोडी सैल घ्या.

फोकस आधीच रस्त्यावरच्या खुणेवर लावून ठेवा: पांढरा पट्टा, गटाराचं झाकण, काहीही. आठ-नऊ मीटर अंतर योग्य. रॅलीत गाड्या ताशी तीसेक किलोमीटरनं जातात, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. १/२५० ला या वेगात चाक पाच-सहा अंशच फिरतं. तारांची चाकं थांबल्यासारखी दिसतात आणि गाडी पार्क केल्यासारखी. १/५० ला चाक पंचवीस अंशांच्या पुढे फिरतं, तारा मिटून जातात, मागचा रस्ता ओढला जातो आणि गाडी चालते. म्हणून १/५०. कोपर अंगाशी, पाय स्थिर, कंबरेतून फिरा. गाडी खुणेपाशी येण्याच्या बऱ्याच आधीपासून तिच्याबरोबर फिरायला लागा, दाबल्यानंतरही फिरत राहा. लेन्सवरून जाणाऱ्या या बटणाचा प्रवास लांब आहे, झटका देऊ नका, सलग दाबत जा. एका गाडीला एक फ्रेम. खटक्याचा फेरा पुरा होईपर्यंत ती गेलेली असते, दुसऱ्या फ्रेमचा विचार सोडून पुढच्या गाडीची तयारी करा. उभे राहाल ते बॅरिकेडच्या अलीकडे, रस्त्याबाहेर. जुन्या गाड्यांचे ब्रेक जुन्या गाड्यांचेच असतात.

रॅलीच्या निदान तीन-चार आठवडे आधी चाचणी रोल काढा. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून, मागचं दार उघडून, शटर सोडून आरसा वर गेलेला असताना समोरून टॉर्च मारा. पडद्यावर बारीक तारे चमकले तर ती भोकं. कापडाला तडे असतील तर पडदा बदलणं हाच उपाय. मुंबईत बोरा बाजार परिसरात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे चौकशी करता येते. पण एक्झाक्टा उघडण्याआधी कारागिराला विचारा की त्यानं हाच कॅमेरा पूर्वी उघडला आहे का. याची आतली रचना जपानी कॅमेऱ्यांपेक्षा वेगळी आहे.

चाचणीला कॅमेऱ्यातलीच एक सोय कामाला येते. आत फिल्म कापायची सुरी आहे. तळाची मूठ सोडवून ओढली की ती फिल्मवरून जाते आणि तोपर्यंत काढलेला भाग वेगळा होतो. डावीकडे साध्या रिळाऐवजी रिकामं कॅसेट बसवलं असेल तर काढलेली फिल्म त्यातच गुंडाळलेली असते, ती उचलून डेव्हलपला देता येते. रीळच असेल तर काळ्या पिशवीत हात घालून काढा. दहा-बारा फ्रेम काढा, प्रत्येक वेगाला एक, कापा, डेव्हलप करा, वहीत लिहा. उरलेला रोल पुन्हा अडकवताना एक-दोन फ्रेम वाया जातात, तेवढं सोसा. रॅलीच्या दिवशीही हीच सुरी ४०० वरून १२५ वर जायला उपयोगी पडेल. ऊन वर आलं आणि पहाटेचा रोल अर्धाच झाला असेल तर पूर्ण करायच्या हट्टानं भलते फोटो काढू नका, कापा आणि बदला.

प्रयोगशाळेला रोल देताना निगेटिव्ह परत मागा आणि पट्ट्या कापण्याआधी विचारायला सांगा. सुरीनं कापलेल्या रोलची टोकं वेडीवाकडी असतात आणि पहिली फ्रेम नेहमीच्या जागी नसते, यंत्र ती मधोमध कापू शकतं. घरी आल्यावर फिल्म काढून शटर सोडलेल्या स्थितीतच ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. चामड्याच्या मूळ पेटीत ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात ते चामडं ओल धरतं आणि बायोटारच्या काचांत बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जेलचा रंग अधूनमधून बघत राहा.